बापूसाहेबांनी तेच चित्र पुन्हा काढलं

सकाळचे अकरा. मुळशीच्या धरणाच्या काठावरची एक वाडी. सिनेमा कंपनीची दोन माणसं शिडी लावून एका घराची कौलं उतरवत होती. कौलं चांगली होती, घर चांगलं होतं. घराचा मालक गेनू अंगणात हाताची घडी घालून हे बघत होता आणि मी त्याच्या शेजारी उभा होतो.

बातमीदाराचं असं असतं, छापून येतं ते दुसऱ्या दिवशी वाण्याच्या पुडीला जातं. छापून येत नाही ते मात्र साठत राहतं. पोत्यातल्या कांद्यांसारखं, वरून काही कळत नाही, एक दिवस वास सुटतो. बापूसाहेबांच्या चित्राचे किस्से माझ्याजवळ असेच साठलेत. चार मित्रांत एखादा सांगितला की मंडळी हसतात, आणि त्यांच्या हसण्यानं माझं डोकं आणखी तापतं. आज सगळे ओळीनं सांगून टाकतो. हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही. मी हसणार नाही.

बापूसाहेब म्हणजे मराठी चित्रपटाचे मोठे दिग्दर्शक. चित्राचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या नावाची त्यांनी दोन चित्रं काढली. पहिलं काळं-पांढरं, स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच वर्षांनी. दुसरं रंगीत, परवापरवाचं. गोष्ट तीच, वाडी तीच, दिग्दर्शक तेच. आता नाव घेतलं की लोकांना रंगीतच आठवतं, आणि ते मला चालणार नाही. म्हणून मी आपलं जुनं आणि नवं एवढंच म्हणेन.

गोष्ट साधी आहे. धरणाच्या पाण्याखाली जिचं माहेरचं गाव गेलं, अशी एक सून. पलीकडच्या काठावर राहायला गेलेल्या बापाच्या मरणाची बातमी येते आणि ती नावेत बसून तिकडे जायला निघते. बस. एवढ्याशा गोष्टीवर बापूसाहेबांनी जुनं चित्र असं काढलं होतं की थिएटरातून बाहेर आल्यावर पुण्याची माणसंदेखील थोडा वेळ गप्प बसली होती.

तर कौलं. जुन्या चित्राच्या वेळी वाडी सगळी पेंढ्यानं शाकारलेली होती. मधल्या काळात कुणाचा भाऊ गोदीत लागला, कुणाचा मुलगा गिरणीत, आणि घराघरावर कौलं चढली. नव्या चित्रासाठी बापूसाहेब मोटारीतून उतरले, वाडीकडे बघितलं आणि ओरडले, "माझी वाडी कुठं गेली?"

वाडी तिथंच होती. जरा बरी दिसत होती, एवढाच तिचा गुन्हा. मॅनेजरनं घरमालकांना कबूल केलं, की कौलं उतरवू, पेंढा टाकू, चुन्याच्या भिंतींना शेण-काजळी फासू, काम झालं की होतं तसं करून देऊ. गेनूनं बराच वेळ हे ऐकून घेतलं. मग बापूसाहेबांकडे वळून अगदी अदबीनं विचारलं, "म्हंजी सायेब, पुन्यांदा गरीब व्हायचं का आमी?"

बापूसाहेब हसले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. ते गंभीरपणे म्हणाले, "दोन आठवडेच."

\*

आता जुन्याबद्दल सांगतो, कारण ते सांगणारे आता फार उरले नाहीत. मी तेव्हा कॉलेजातून नुकता बाहेर पडून वर्तमानपत्रात लागलो होतो आणि मला त्या चित्रीकरणावर पाठवलं होतं.

नावाड्याच्या कामासाठी पुण्याहून एक नट आणलेला. रंगभूमीवर वाघ. नाव काठापासून सुटली आणि वाघानं दोन्ही हातांनी नावेची कड धरली, ती सोडेचना. "मला उतरवा, मला मुलंबाळं आहेत," असं म्हणायला लागला. शेवटी त्याचं मुंडासं काढून ज्याची नाव होती त्या धोंडिबाच्या डोक्यावर ठेवलं. धोंडिबा वर्षानुवर्षं माणसं, बकऱ्या, नवरानवरी, प्रेतं, सगळं पलीकडे पोचवत आलेला. त्याला बजावलं की तोंड उघडायचं नाही, नुसतं वल्हवायचं.

दोन नावा एकमेकींना बांधल्या होत्या. एकीत कॅमेरा आणि माईक, दुसरीत नायिका. बापूसाहेबांनी तिला सांगितलं होतं, की पाण्याच्या मध्यावर आलं की उठून उभी राहा आणि पलीकडच्या काठाकडे बघ. ती उठली. आणि धोंडिबा बोलला. मोठ्यानं नाही, रागानंही नाही. रोज कुणालाही सांगावं तसं.

"खाली बसा, बाई. हितं खाली देऊळ हाय."

गाव बुडालं तेव्हा गावाबरोबर देऊळही बुडालं. नाव त्याच्यावरून जाते तेव्हा नावेत कुणी उभं राहत नाही. आपले पाय देवाच्या कळसावर असतात ना. निदान उभं तरी राहू नये, अशी तिथली रीत. नायिका मुंबईची, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती दचकून खाली बसली. मग वाकून पाण्यात बघितलं. मग आपोआप तिचे हात जोडले गेले.

बापूसाहेब काठावरून "कट, कट" म्हणून ओरडत होते. वारा उलटा होता, नावेत ऐकू गेलं नाही. कॅमेरा फिरत राहिला.

त्या तुकड्यानं चित्र तरलं. पुढे सत्कार झाले, त्यात प्रत्येक वक्त्यानं हाच प्रसंग घेऊन दिग्दर्शकाच्या प्रतिभेबद्दल सांगितलं. बापूसाहेब मान किंचित खाली घालून ऐकायचे. हार घालून घ्यायचे. धोंडिबाला एकाही सत्काराला बोलावलं नव्हतं, पण तो आला तरी कशाला असता? त्याला नाव सोडून कुठं जायला जमायचं नाही.

\*

आमच्या कचेरीत गोडबोले म्हणून उपसंपादक आहेत. संगीतातले जाणकार, आणि मी जे म्हणेन त्याच्या विरुद्ध बोलण्याची त्यांना जुनी सवय. बापूसाहेब तेच चित्र रंगीत काढणार ही बातमी आली तेव्हा मी म्हणालो, की हा बाष्कळपणा आहे. दुसऱ्या कुणी काढलं तर एक वेळ समजेल. त्याला काही वेगळं म्हणायचं असेल. ज्यानं एकदा नीट सांगितलं त्यानं तेच परत का सांगावं?

गोडबोले चहाची बशी ठेवत म्हणाले, "लेका, गवई तोच यमन आयुष्यभर गातो. त्याला विचारतोस का, की काल गायलास, आज परत कशाला?"

 याचं उत्तर मला पुढे सुचलं, पण तेव्हा त्याचा उपयोग नव्हता.

\*

चित्रीकरण चालू असताना मी बापूसाहेबांची मुलाखत घेतली. डाक बंगल्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. मी सरळच विचारलं, पुन्हा का? ते म्हणाले, "जुन्यातल्या चुका मला झोपू देत नाहीत."

कोणत्या चुका? तर त्यांनी बोटांवर मोजत सांगितल्या. बापाच्या प्रेताच्या प्रसंगात एक शेळी मागून चालत येते आणि थेट कॅमेऱ्यात बघते. बाजाराच्या प्रसंगात एका शेतकऱ्याच्या मनगटावर घड्याळ आहे. आणि शेवटी ते गाणं! ते त्यांना नकोच होतं, भांडवल घालणाऱ्या शेठजींनी डोक्यावर बसून घालायला लावलं होतं. हे शेवटचं ते इतक्या कळवळून बोलले की मला त्यांची दया आली. खरंच, शेवटचं गाणं भिकार होतं. मनात म्हटलं, एवढं एक गाणं काढण्यासाठी जरी माणूस चित्र पुन्हा काढत असेल तरी काढू द्यावं.

मी म्हणालो, शेळीवर टाळी पडते हो. त्यावर ते भडकले. "तुम्ही लोकांनी माझ्या चुकांची स्तुती केलीत. तेच मला खुपतं."

नवं चित्र पडद्यावर आलं. शेळी नाही. घड्याळ नाही. आणि गाणं? त्या जागी दोन गाणी आहेत. मी प्रीमियरला बापूसाहेबांना गाठून विचारलं. ते प्रसन्न होते. म्हणाले, "अहो, पण ही माझ्या मर्जीनं घातलीत."

\*

नव्या चित्रातला नावाडी मुंबईचा नामांकित नट होता. पोहता येत होतं, पाण्याला भीत नव्हता. फक्त वल्हवता येत नव्हतं. म्हणून नावेला पाण्याखालून दोर बांधला आणि काठावरून वाडीची सात-आठ माणसं तो ओढत होती. वर नट वल्हं मारतोय आणि नाव भलत्याच दिशेला चाललीय, असं दोनदा झालं. ओढणाऱ्यांमध्ये गेनूही होता. तो म्हणाला, "बैल आमीच, गाडीवान त्यो."

आता दोर काठापर्यंत पोचायचा म्हणजे नाव काठाजवळ हवी. देवळाची जागा पाण्याच्या मध्यावर. तिथं दोर पोचेना. तेव्हा बापूसाहेबांनी जागाच बदलली. धोंडिबाचा पुतण्या आता नाव चालवतो. तो पुढे येऊन म्हणाला, की सायेब, देऊळ तिकडं हाय, हितं खाली इठूचं वावर व्हतं. बापूसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाण्यावर पाटी लावलीय का?"

पुतण्या आपल्या नावेकडे परत गेला. मीही वहीत मान घातली. त्यांचंही खरंच होतं, पुण्या-मुंबईत कुणाला कळणार?

मग तो संवाद. तेच शब्द, नटाला पाठ. पण बापूसाहेबांना तो धोंडिबासारखा हवा होता. जुन्या चित्राची एक प्रत आणि एक मशीन त्यांनी डाक बंगल्यावर आणलेलं होतं. नटाला रोज ते रीळ दाखवायचे, मग नावेत बसवायचे. नट कधी खालच्या आवाजात बोले, कधी डोळे मिटून बोले, कधी "देऊळ"च्या आधी थांबे. बापूसाहेब म्हणायचे, नाही, परत. शेवटी नट वैतागला. वल्हं टाकून म्हणाला, "बापूसाहेब, तो माणूस काय करतोय ते मला सांगा, मी करतो."

बापूसाहेबांनी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तो काहीच करत नाहीये हो."

त्या दिवशी काम लवकर थांबवलं. मला वाटलं, आता तरी या माणसाला कळलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच सुरू झालं.

\*

हे सगळं एवढ्यावर राहिलं असतं तर मी हा मजकूर लिहिला नसता. दिग्दर्शकानं आपलं चित्र पुन्हा काढलं, पहिल्याहून वाईट काढलं. हौसेला मोल नाही म्हणून सोडून दिलं असतं. पण धोंडिबाची बायको होती.

जुन्या चित्रानंतर तीन-चार वर्षांनी धोंडिबा तापानं गेला. सरूबाई मागे राहिल्या. मूलबाळ नाही. धोंडिबानं आयुष्यात कधी फोटो काढून घेतला नव्हता; वाडीत कुणीच घेतला नव्हता, फोटोवाला तालुक्याच्या, पौडच्या पुढे यायचाच नाही. म्हणजे धोंडिबाचं रूप सगळ्या जगात एकाच ठिकाणी होतं. जुन्या चित्राच्या चौथ्या रिळात.

पौडच्या जत्रेला दर वर्षी बाबूभाईंचा सिनेमाचा तंबू येतो. मशीन एकच, त्यामुळे प्रत्येक रिळानंतर दिवे लागतात आणि माणसं बिड्या ओढून घेतात. तीन दिवसांत बाबूभाई देवादिकांचं एक, मारामारीचं एक आणि बापूसाहेबांचं जुनं, अशी तीन चित्रं लावायचे. जुनं लावलं नसतं तर मुळशी खोऱ्यानं त्यांचा तंबू उखडला असता.

मी दोन-तीनदा मुद्दाम गेलो होतो. संध्याकाळचा पहिला खेळ. पुढे जमिनीवर बायका, मागे पुरुष उभे, काही खांबाला टेकून. चौथं रीळ चढलं की गलका थांबायचा. नाव यायची, नायिका उभी राहायची. धोंडिबा पडद्यावरून म्हणायचा, खाली बसा, बाई, हितं खाली देऊळ हाय.

आणि तंबूतली मागची सगळी माणसं खाली बसायची.

कुणी सांगितलेलं नाही, कुणी ठरवलेलं नाही. देवळावरून नाव चाललीय आणि नावाड्यानं बसायला सांगितलंय, मग बसायचं. बाबूभाईसुद्धा मशीनच्या स्टुलावर टेकायचे. रीळ संपलं की ओरडा व्हायचा, "चौथं, चौथं!" मग बाबूभाई उलटं गुंडाळून ते परत लावायचे आणि मंडळी परत उठून परत बसायची.

सरूबाई पुढच्या रांगेत असायच्या. दोन्ही वेळा बघायच्या. मग पाचवं रीळ चढायच्या आत उठून जायच्या. मी एकदा विचारलं, की पुढची गोष्ट बघायची नाही का? म्हणाल्या, "पुढं ह्ये न्हाईत की, दादा. मग कुनाला बघायचं?"

\*

नवं चित्र लागलं त्याच्या पुढच्या जत्रेची गोष्ट. बाबूभाईंनी नेहमीप्रमाणे मुंबईच्या वितरकाला चित्राचं नाव कळवलं. नेहमीप्रमाणे एस.टी.च्या टपावरून डबे आले. नेहमीप्रमाणे बाबूभाईंनी गावातून दवंडी दिली. चूक त्यांची नाही. नाव तेच होतं.

पहिलं रीळ सुरू झालं आणि पडदा लालहिरवा झाला. लोक क्षणभर खूश झाले. कुणीतरी म्हणालं, "आयला, आपलं गाव रंगलं की!" शाकारलेली घरं बघून गेनूच्या पोरांनी त्याची थट्टा केली. सरूबाई पुढे बसलेल्या होत्या. बाबूभाई मला नंतर म्हणाले, की पहिल्या रिळातच सगळं लक्षात आलं होतं, पण थांबवायचा धीर होईना. वाटलं, निदान नावेचा भाग तरी तोच ठेवला असेल. दिग्दर्शक तोच आहे म्हटल्यावर, ठेवला असेल.

नाव आली. मागून एकानं लगेच ओळखलं, "अरं, ह्ये तर इठूचं वावर हाय!" हशा पिकला. नायिका उभी राहिली. नटानं डोळे किंचित मिटले, थांबला आणि तेच शब्द म्हणाला.

कुणी बसलं नाही.

हशा थांबला होता. मागची माणसं उभी होती, तशीच उभी राहिली, एकमेकांकडे न बघता. पुढून सरूबाईंचा आवाज आला. त्या रडत नव्हत्या. शेजारणीला विचारावं तसं विचारत होत्या.

"ह्यांच्या नावंत ह्यो कोन बसलाय?"

बाबूभाईंनी मशीन बंद केलं.

\*

मी चौकशी केली. माझा धंदाच तो आहे, आणि एकदा तरी तो खऱ्या कामाला लागावा असं वाटलं.

मुंबईच्या वितरकाकडे गेलो. माणूस गोड बोलणारा. म्हणाला, धंद्याची पद्धतच आहे. त्याच नावाचं नवं आलं की जुन्याच्या प्रती परत मागवायच्या. नाहीतर थिएटरवाले स्वस्तात जुनं लावतात, नव्याचं नुकसान होतं. ठीक आहे, मी म्हणालो, परत मागवल्या, मग ठेवल्या कुठं? तो म्हणाला, "ठेवतंय कोण? भट्टीला गेल्या. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदी असते ना."

आणि ज्यावरून प्रती निघतात ती निगेटिव्ह? तीही गेली. कुणाच्या हुकमानं? त्यानं शेठजींकडे बोट दाखवलं. शेठजी म्हणाले, मी पैसा घालतो, चित्रातलं मला काय कळतं? बापूसाहेबांना विचारा. बापूसाहेबांनी फोनवर सांगितलं, की हे धंद्यातले लोक ठरवतात, वितरकाला विचारा.

भट्टीवर जाऊन आलो. मुंबईबाहेर एक पत्र्याची शेड. तिथं रिळं हौदात बुडवतात, चांदी खाली बसते, उरलेल्या पट्ट्या पाकिटं आणि बांगड्या करणारे घेऊन जातात. मुकादम बोलका निघाला. त्याला ते डबे चांगले आठवत होते, कारण आल्या आल्या त्याची टेम्पोवाल्याशी वादावादी झाली होती. प्रतींचे संच पुरे होते. निगेटिव्हच्या डब्यांवर ओळीनं आकडे घातलेले, आणि चौथा डबा नव्हता. टेम्पोवाला म्हणाला, मला दिलेच एवढे.

कचेरीत परत येऊन मी गोडबोल्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. म्हणालो, "गवई तोच यमन उद्या परत गातो. पण त्यासाठी काल ऐकायला आलेल्यांचे कान कापत नाही." गोडबोल्यांनी या वेळी वाद घातला नाही. माझा मजकूर घेतला, वाचला आणि संपादकांच्या खोलीत स्वतः नेऊन दिला.

तो छापला गेला नाही. त्या आठवड्यात आमच्या पहिल्या पानावर नव्या चित्राची जाहिरात होती. चार कॉलम, आणि वर बापूसाहेबांचं वाक्य, "जे राहून गेलं होतं, ते आता पूर्ण झालं."

\*

शेवटी मी सरूबाईंना घेऊन बापूसाहेबांच्या पुण्याच्या बंगल्यावर गेलो. न कळवता. कळवलं असतं तर ते घरी नसते.

दारात आम्हांला बघून ते चपापले, पण माणूस सुसंस्कृत आहे. सरूबाईंना खुर्ची दिली. त्या खाली बसल्या. बापूसाहेबांनी चहा सांगितला. धोंडिबाबद्दल चार चांगले शब्द बोलले आणि ते मनापासून बोलले, हे मला कबूल केलं पाहिजे. मग नव्या चित्राचा एक मोठा रंगीत फोटो आणवला. नावेत नट, वल्हं हातात, मागे निळं पाणी. म्हणाले, "बाई, हा घेऊन जा. फ्रेम करून देतो."

सरूबाईंनी फोटो हातात घेतला, नीट बघितला आणि टीपॉयवर पालथा ठेवला. म्हणाल्या, "ह्यो चांगला मानूस असंल, सायेब. माजा न्हाई."

मी विचारलं, जुन्याचं काय उरलंय? बापूसाहेब म्हणाले, काही नाही. त्यांना फार वाईट वाटतं. पण सगळं गेलं. धंद्यात असं होतं. आणि हे बघा, म्हणाले, त्या चित्रात जे जे होतं ते सगळं मी नव्यात घेतलंच आहे की.

"भट्टीवर निगेटिव्हचा एक डबा आलाच नाही," मी म्हणालो. "चौथा. नावेचा."

बापूसाहेबांचा हात कपाकडे गेला होता, तो तिथंच राहिला. मी विचारलं, तो डबा कुणी काढून घेतला? ते म्हणाले, चहा निवतोय. मी परत विचारलं. वितरकाकडे आहे का? शेठजींकडे? ते म्हणाले, तुम्ही बातमीदार लोक फार ताणता.

सरूबाई इतका वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी मला हातानं थांबवलं. आवाज चढवला नाही.

"सायेब," त्या म्हणाल्या, "तुमी एकलं बसून बघता व्हय ह्यांला?"

याचं उत्तर बापूसाहेबांनी अजून दिलेलं नाही.